आबांची गाडी लोड होतेय

खानदेशातल्या एका मोठ्या एसटी स्टँडवर तुम्ही कधी ताटकळत बसला असाल, तर भास्करआबांचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. स्टँडचं नाव मी सांगत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्या स्टँडबद्दल कोणी वाकडा शब्द काढलेला आबांना खपत नाही. चौकशीच्या खिडकीमागे ते वाहतूक नियंत्रक म्हणून बसायचे. खिडकीशी येणारा माणूस घामाघूम, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर, आणि प्रश्न ठरलेला. आबा मान वर न करता म्हणायचे, "लागेल." कधी लागेल, कुठल्या फलाटाला लागेल, याचा खुलासा नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर, "लागेल की! जाते कुठे?" एवढी भर पडायची. गंमत म्हणजे या उत्तराने माणसं शांत व्हायची आणि बाकावर जाऊन बसायची. त्या आवाजात काहीतरी सरकारी भरवसा होता.

इतक्या लोकांना इतकी वर्षं थांबवून ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र जन्मात कशासाठी थांबला नाही. लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच ते जेवणाच्या मांडवाकडे सरकू लागत. कुकरची वाफ जिरायच्या आत ताट घेऊन बसत. दवाखान्यात नंबर यायला उशीर झाला, तर "आता बरं वाटतंय" म्हणून उठून घरी येत, आणि खरंच बरे होत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा मला सांगितलं होतं, "ह्यांना पाहायला आले तेव्हा मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायच्या आधीच 'पसंत आहे' म्हणून मोकळे झाले होते." त्या हे कौतुकाने सांगत होत्या की तक्रार करत होत्या, ते मी विचारलं नाही.

शहरातल्या देवपूर भागात आमची घरं शेजारी. गच्चीला गच्ची लागून. मी कॉलेजात अकाउंट शिकवायची, म्हणून आबा मला मॅडम म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मला कधी लागला नाही.

त्यांना एकच मुलगी, मयूरी. शिकली, बंगळुरूला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवून तिने घरी कळवलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. आबांचं दुखणं एवढंच की, "विचारलं नाही, कळवलं." जन्मभर गाड्या सोडायची परवानगी देणाऱ्या माणसाला घरातली गाडी न विचारता सुटलेली सहन झाली नाही. लग्नाला काकू गेल्या, आबा गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. काकूंना रोज तिचा फोन यायचा. फोन वाजला की आबा अंगणात जाऊन मोटरसायकल पुसायला घ्यायचे. त्या काळात अख्ख्या गल्लीत तेवढी चकचकीत मोटरसायकल दुसरी नव्हती.

मयूरीने पहिल्या पगारातून, सुट्टीत घरी आली की खेळायला म्हणून, गेमचा एक कन्सोल घेतला होता. लग्नानंतर तो इथेच राहिला, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, कुरडयांच्या डब्याशेजारी. निवृत्तीनंतर एका रविवारी आबांनी तो सुरू केला. "हा डबा किती वीज खातो ते बघायला लावला होता," असं ते सांगतात. काकूंचं म्हणणं वेगळं आहे, पण त्या ते आबांच्या देखत बोलत नाहीत.

झालं असं की कन्सोल सुरू होताच तिकडे बंगळुरूला मयूरीच्या पडद्यावर तिचं स्वतःचंच जुनं नाव उजळलं. ती काय ते समजली. तिने मोटारींच्या शर्यतीचं आमंत्रण धाडलं. आबांनी घाबरून एक बटण दाबलं, ते नेमकं होकाराचं निघालं. शर्यत सुरू झाली आणि आबांची गाडी सरळ जाऊन भिंतीला नाक लावून उभी राहिली. पुढे जाईना, मागे येईना, नुसती गुरगुरायची. पुढे गेलेली लाल गाडी तेवढ्यात वळली, सगळ्या शर्यतीच्या उलट दिशेने परत आली आणि आबांच्या शेजारी उभी राहिली. मग तिने हळूच एक धक्का मारून आबांची गाडी भिंतीपासून सोडवली. टीव्हीतून आवाज आला, "आबा, उजव्या हाताचं मागचं बटण दाबा. दाबून धरा." लग्नानंतर बापलेकीत झालेलं हे पहिलं बोलणं. काकू तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. त्या दिवशीच्या भाजीत लसूण जरा जास्तच पडला, असं त्यांनीच मला सांगितलं.

मग रोज दिवेलागणीला शर्यत ठरलेली. फोनवर बोलणं मात्र अजूनही बंदच! आबांच्या कायद्यात गेम म्हणजे बोलणं नव्हे. फोन वाजला की मोटरसायकल, आणि तासाभराने त्याच मुलीबरोबर मोटारींची शर्यत. या दोन गोष्टींत त्यांना काही विसंगती दिसत नसे, आणि ती दाखवून द्यायची आमच्या गल्लीत कोणाची छाती नव्हती.

शर्यत सुरू होण्याआधी पडद्यावर एक पट्टी भरत जायची. गेम भलामोठा. कन्सोलच्या पोटात जागा उरलेली नव्हती म्हणून तो बाहेरून जोडलेल्या एका जुन्या हार्डडिस्कवर ठेवलेला. प्रत्येक शर्यतीला ती डिस्क कुरकुरत एकेक रस्ता, एकेक झाड शोधून आणायची. मयूरीचा कन्सोल नव्या पिढीचा, त्याच्या आतच वेगवान साठवण. तिची गाडी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तयार असायची. पण दोघं तयार झाल्याशिवाय शर्यत सुटत नाही, त्यामुळे तिला बापाची वाट बघत थांबावं लागायचं. झालं का विचारलं की आबा घरच्या अहिराणीत म्हणायचे, "मनं व्हई राह्यनं," म्हणजे माझं होतंय. थांबलेली माणसं करतात तेच मग ही दोघं करायची. आबा विचारायचे, "जेवण व्हयनं का?" ती म्हणायची, "अजून नाही. तुम्ही औषध घेतलं?" आबा जावयाचं नाव घेत नसत, पण पट्टी अर्ध्यावर आली की हळूच विचारत, "तो घर शे का?" शर्यत सुटली की सगळं बंद. गाडी चालवताना आबांची जीभ बाहेर यायची आणि कान बंद व्हायचे. तेव्हा त्यांना हाक मारली तरी ऐकू जात नसे.

एके दिवशी मयूरी हसत म्हणाली, "आबा, तुमचं लोड होईपर्यंत माझा चहा करून होतो."

पोरगी लाडाने बोलली होती. आबांना ती तक्रार वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मला गाठून ते म्हणाले, "मॅडम, थांबून थांबून पॅसेंजर काय करतो माहितीये? उठतो आणि काळीपिवळीत जाऊन बसतो. एकदा काळीपिवळीत बसलेला पॅसेंजर परत स्टँडवर येत नाही. मी आयुष्यभर बघितलंय." चेहरा असा की मला हसू येता येता राहिलं. त्यांना खरोखर भीती वाटत होती. एवढा एकच धागा उरला होता, आणि तो त्या कुरकुरणाऱ्या डिस्कच्या हवाली होता.

मग आबांनी अभ्यासाला सुरुवात केली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी या विषयातलं इतकं ज्ञान गोळा केलं की ते ठेवायला त्यांनाच बाहेरून डिस्क जोडायची वेळ आली. पांझरा नदीच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्तांचा एक बाक होता. शुगर, पेन्शन आणि सुना या विषयांवर तो बाक सुखाने चालला होता. आबांनी तिथे साठवणुकीचा वेग आणला.

"जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते," ते सांगायचे. "कंडक्टर गर्दीतून वाट काढत शेवटच्या बाकापर्यंत जातो ना, तसं. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाही, नुसती चिप. हात घातला की वस्तू हातात. सेकंदाला पाचशे एमबी!"

बाकावर एक निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांनी चूक केली आणि प्रश्न विचारला. "मग आबा, नवा कन्सोलच का घेत नाही?"

"घेऊन?" आबा म्हणाले. "त्या नव्या मशिनचे नवे गेम बाहेरच्या डिस्कवरून धावतच नाहीत. बाहेर नुसते मुक्कामाला ठेवायचे. धावायचं असलं की आधी आत घ्या. जुने गेम तेवढे बाहेरून धावतात." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "आणि हा मयूचा आहे. तो बदलायचा नाही."

पंधरवड्यात बाकावरची मंडळी पांझरेच्या पलीकडच्या काठाने फिरू लागली. आबांना त्याचं काही वाटलं नाही. भाजीवाली, पोस्टमन, मोटरसायकलचा मेकॅनिक, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. "येऊ द्या नवी डिस्क. मग बघा," हे त्यांनी साऱ्या देवपूरला ऐकवून ठेवलं होतं.

डिस्क आली जळगावहून. तिथे शकीलभाई म्हणून एकांचं कॉम्प्युटर आणि मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. एका जुन्या ड्रायव्हरने त्यांचं नाव सांगितलं होतं, आणि ड्रायव्हरने सांगितलेल्या दुकानावर आणि हॉटेलवर आबांची श्रद्धा. काड्यापेटीहून थोडी मोठी अशी ती काळी डिस्क आबांनी आमच्या घरी आणून दाखवली. काकूंनी तिला हळदीकुंकू लावलं. संध्याकाळी जोडली. रात्रभर चालेल की काय असं वाटावं इतका वेळ गेम तिच्यावर उतरत राहिला. दुसऱ्या दिवशी शर्यत लावली तर पट्टी पूर्वीच्याच चालीने निघाली. उलट जरा जास्तच रेंगाळली.

"फसवलं मला," आबा म्हणाले. मला त्या आठवड्यात पेपर तपासायला विद्यापीठात जायचंच होतं, तर जळगावपर्यंत आमची सोबत झाली. आबांनी डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली होती आणि डबा मांडीवर. पारोळ्याच्या आणि एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून तिथल्या नियंत्रकांवर नजर टाकली आणि दोन्ही वेळा "हं" केलं. एरवी ते यावर अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी वाटेत त्यांनी भांडणाची उजळणी चालवली होती. ओठ हलताना दिसत होते.

शकीलभाई हे गोरे, ठेंगणे, अतिशय गोड बोलणारे गृहस्थ. आबांचं सगळं बोलणं त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं, आम्हाला चहा सांगितला, मग ड्रॉवरमधून एक वायर काढून डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. एक मोठी फाइल त्यांनी टाकली न टाकली तोच ती पोहोचली. आबा पडद्याकडे बघत राहिले.

"आबा, माल तर ठणठणीत आहे," शकीलभाई म्हणाले. "तुम्ही कुठल्या वायरने लावता?"

आबांनी खिशातून वायर काढली. पांढरी, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली, लांबलचक.

"ही तर मोबाइलच्या चार्जरची!" शकीलभाई एवढ्या हळू आवाजात बोलले की जणू कोणी आजारी आहे. "हिच्यातून करंट नीट जातो. पण आतला माल फार हळू सरकतो. डिस्कसोबत डब्यात एक आखूड काळी वायर आली होती ना? ती कुठे आहे?"

"कपाटात," आबा म्हणाले.

"कपाटात का?"

"नवी आहे ती," आबा म्हणाले. "उगाच खराब होईल. घरात जुनी होती, बसली बरोबर, लावून टाकली."

मला आमच्या घरातला न वापरलेला डिनरसेट आठवला, आणि सोफ्यावरचं न काढलेलं प्लॅस्टिकसुद्धा. दुकानात त्या क्षणी आबांना हसू शकेल असं कोणी नव्हतं. शकीलभाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "आबा, आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटला अजून पिशवी आहे." आबांनी भांडणासाठी आणलेला आवाज चहाबरोबर गिळून टाकला. परतीच्या गाडीत ते मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. वायरबद्दल डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं." म्हणजे चूक शेवटी डब्याची ठरली.

त्या संध्याकाळी आखूड काळी वायर कपाटातून निघाली. पट्टी सुरू झाली आणि संपली. देवपुरात आबांनी विजयाची द्वाही फिरवली. बाकावरच्या लोकांना पलीकडच्या काठावर गाठून सांगितलं. आठवडाभर त्यांची मान ताठ होती.

मग ती हळूहळू खाली आली. मला आधी वाटलं, तब्येत बिघडली असेल. एका सकाळी फाटकाशी उभे होते, हातात पुसायचं फडकं, पण मोटरसायकलकडे लक्ष नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "आता सगळं झटपट. बसलो की शर्यत. संपली की दुसरी. दोन-तीन झाल्या की 'चला आबा, बाय.' काल पोरगी खोकत होती. विचारतो, विचारतो म्हणेपर्यंत सवयीने बटण दाबलं गेलं आणि हिरवा दिवा लागला. गाडी सुटली. मग कुठलं विचारणार?"

"काकूंना विचारा ना. त्यांना तर रोज फोन असतो."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना विनातिकीट बसायला सांगितलं होतं. काकूंना विचारायचं म्हणजे हरायचं. काकू मात्र स्वयंपाकघरातून भिंतीला ऐकवल्यासारखं मोठ्याने बोलायच्या, "मयूचा खोकला काही हटत नाही हो!" आणि आबा लगेच बातम्यांचा आवाज वाढवायचे. असे दोघं मिळून एकमेकांना सांभाळून घ्यायचे.

"मग जुनी वायर परत लावा," मी म्हटलं.

"आणि लोकांना काय सांगू?" आबा उसळले. उसळले की त्यांची घरची बोली बाहेर यायची. "बठ्ठा देवपूरले माहीत शे!"

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. मुलीला एक साधा फोन करायचा नाही. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून मशिन हळू करायचं, तर तेही नाही, कारण आपणच गावभर वेगाचे ढोल पिटलेले. वेग आणला कशासाठी, तर ती निघून जाऊ नये म्हणून. आणि आता ती रोज लवकर निघून जात होती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळलेलं मान्य करायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

त्यानंतर लवकरच आमचं जामनेरला जायचं ठरलं, मिस्टरांची बदली झाली म्हणून. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी काकूंचा भरताचा डबा परत द्यायला गेले. काकू मागे पाणी भरत होत्या. बाहेरच्या खोलीत आबा टीव्हीसमोर पाटावर बसलेले. खेळताना ते लावायचे त्या हेडफोनमधून ऐकू येणं बंद झालं होतं, बोलायचा माइक तेवढा चालू होता, म्हणून मयूरीचा आवाज टीव्हीतूनच सगळ्या खोलीत ऐकू येत होता. त्यांनी मला हातानेच बसा म्हणून खूण केली.

पडद्यावर दोन गाड्या रेषेवर उभ्या होत्या, एक निळी, एक लाल. आबांची पट्टी कधीच भरून गेली होती. खाली अक्षरं लुकलुकत होती की तयार असाल तर बटण दाबा. मयूरीच्या नावापुढे तयार असल्याची हिरवी खूण लागलेली होती. मला या खेळातलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही दिसत होतं.

"आबा, थांबा हं जरा," टीव्हीतून मयूरी म्हणाली. "माझं अजून लोड होतंय. आज फारच हळू चाललंय."

आबांचा अंगठा बटणावर होता. त्यांनी त्या हिरव्या खुणेकडे पाहिलं. तिच्या मशिनचा वेग किती, हे त्यांनी पांझरेच्या दोन्ही काठांना ऐकवलेलं होतं. मला वाटलं, आता हे तिला खोटं पाडणार, सेकंदाला किती एमबी ते सांगणार. चूक दिसली आणि आबा गप्प बसले, असं मी कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी अंगठा उचलला. रिमोट अलगद जमिनीवर ठेवला आणि पाठ भिंतीला टेकवली.

"व्हऊ दे, व्हऊ दे," ते म्हणाले. "माले घाई नही. खोकला कसा शे आते?"

"बरा शे, आबा," ती म्हणाली. "तुमचं झालं का लोड?"

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते आणि चेहरा चौकशीच्या खिडकीतला, एकदम कोरा.

"नही ना बेटा," ते म्हणाले. "मनंबी व्हई राह्यनं."